चालायला सांगता, पण चालायचं कुठे?

तिशी-चाळिशीतला कोणी जिममध्ये किंवा गरबा खेळताना कोसळल्याचा व्हिडिओ मोबाइलवर आला, की जळगाव-धुळ्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाला जिम हे शहरी खूळ वाटतं. आपले आजे-पणजे कधी जिमला गेले होते का, शेतात राबले आणि नव्वदी गाठली की नाही, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या तटात डॉक्टर, योगवर्ग चालवणारे, मॅरेथॉन भरवणारे आणि शाळेत प्रमुख पाहुणे म्हणून येणारे वक्ते असतात. त्यांच्या मते लोक आळशी झालेत, मोबाइल सुटत नाही, पहाटे उठवत नाही, इच्छाशक्तीच उरली नाही. हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि दोन्ही बाजू एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरून चालतात: शरीर हलवणं हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा मामला आहे. मला हे गृहीतच मान्य नाही. माणूस दिवसभरात किती आणि कसा हलतो, हे बहुतांशी रस्ता, सावली, हाताशी असलेला वेळ आणि कामाच्या अटी ठरवतात. गेल्या सत्तर वर्षांचं संशोधन त्याच दिशेने बोट दाखवतं. म्हणून व्यायामाचा जाब रुग्णाला विचारण्याआधी ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला आणि कामावर ठेवणाऱ्या मालकाला विचारला पाहिजे.

आजे-पणजांची गोष्ट आधी घेऊ, कारण ती सगळ्यांच्या तोंडी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान साधारण 32 वर्षं होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. नव्वदी गाठलेले आजोबा आपल्याला दिसले, पण त्यांची पाळण्यात गेलेली भावंडं आणि बाळंतपणात गेलेली बहीण दिसली नाही. एवढं सांगून या तटाला निकालात काढणं मात्र बरोबर होणार नाही. बालपणातून जे वाचले ते दिवसभर हलत होते, कळण्याची भाकरी खात होते, आणि मधुमेह-रक्तदाब आजच्यासारखे घरोघरी नव्हते, हे त्यांचं निरीक्षण खरं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 10 कोटींहून जास्त भारतीयांना मधुमेह आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं. प्रश्न एवढाच उरतो, की आजोबा हलत होते ते इच्छाशक्तीमुळे का? विहीर लांब होती, शाळा लांब होती, बाजार चालत गाठावा लागे. हलण्याचा निर्णय त्यांना कधी घ्यावाच लागला नाही.

हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने पहिल्यांदा दाखवली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने, 1953 साली. लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर त्याने अभ्यासाला घेतले. दोघे एकाच बसवर, एकाच वर्गातले. तरी हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आणि कंडक्टरांमध्ये कमी निघाला. कंडक्टर दिवसभर तिकिटं फाडत जिना चढत-उतरत होता, ड्रायव्हर बसून होता. कंडक्टर व्यायामाचे शौकीन होते म्हणून हे घडलं नाही, बसला जिना होता म्हणून घडलं. शंका घेणाऱ्यांनी योग्य प्रश्न विचारला: आधीच जाड असलेले लोक ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसने गणवेशांची मापं काढून पाहिली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच सुरुवातीपासून मोठ्या होत्या. त्याने ते लपवलं नाही, स्वतःच प्रसिद्ध केलं. टपाल वाटणाऱ्यांपासून पुढे सरकारी कचेऱ्यांमधल्या लोकांपर्यंत अनेक अभ्यास झाले आणि हालचालीचा फायदा टिकून राहिला. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगला.

आता जिममधल्या मृत्यूंकडे येऊ. इथे विरोधी बाजूकडे एक खरा पुरावा आहे. 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा आयसीएमआरने देशभरातल्या 47 रुग्णालयांत अभ्यास केला. कोविडच्या लसीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही, उलट तो कमी झालेला दिसला. वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये घरातला तसा इतिहास, कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागणं, मृत्यूआधीच्या 48 तासांतलं अतोनात मद्यपान, आणि त्याच 48 तासांतला जोरकस व्यायाम होता. म्हणजे व्यायामाला भिणारे अगदीच हवेत बोलत नाहीत. पण या आकड्याशेजारी दुसरा ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. अमेरिकेत 1993 साली एका अभ्यासाने जोराच्या श्रमानंतर लगेच येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्याचा धोका मोजला. आठवड्यात एकदाही धड श्रम न करणाऱ्यांमध्ये त्या वेळेपुरता धोका शंभर पटींहून जास्त वाढत होता, आणि पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांमध्ये अडीच पटही नाही. वर्षभर बसलेला माणूस एक जानेवारीला उठून वजनं उचलतो, त्याचा धोका रोज चालणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. हृदयाला श्रमाची ओळख हळूहळू आणि नियमित व्हावी लागते. ती होऊ देणारं वातावरण कोण तयार करणार, हा प्रश्न मात्र त्या व्हिडिओखाली कोणी विचारत नाही.

खानदेशातला खरा पेच याच्याही पुढे आहे. शिरपूर-साक्रीकडच्या एखाद्या मजूर बाईला व्यायामाचं विचारलं, तर ती म्हणेल, "दिनभर कामच करस ना मी, मंग आखो व्यायाम कसाले?" तिला उत्तर द्यायला आपल्याकडे काय आहे? आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका जोखणारी प्रश्नावली, भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कोणाला मधुमेह-रक्तदाब आहे का, आणि आठवड्यात किमान 150 मिनिटं शारीरिक हालचाल होते का, असे प्रश्न असतात. उत्तर 'नाही' आलं की गुण वाढतो, आणि बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवतात. फॉर्म चांगला आहे, त्याने आजार लवकर सापडतात. पण कापूस वेचणाऱ्या बाईचं उत्तर काय लिहायचं? ती सकाळपासून वाकलेली असते. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठत जातो तसं कमरेवरचं ओझं वाढतं, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात, आणि मजुरी किलोवर असल्याने पाणी प्यायला बांधावर जाणं म्हणजे पैसे बुडवणं. रावेर-यावलच्या बागांमधला मजूर केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत खेपा घालतो. मिनिटं मोजली तर दोघांचे 150 पहिल्या दिवशीच पुरे होतात.

म्हणून त्यांना व्यायाम घडला का? डेन्मार्कमध्ये एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास झाला आणि 2021 साली त्याचे निष्कर्ष आले. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. कामावर अतिशय जड श्रम करणाऱ्यांमध्ये ते जवळपास 27 टक्क्यांनी जास्त होतं. हा अभ्यास करणारा आंद्रेआस होल्टरमन आणि त्याचे सहकारी याचं कारण शरीराच्या व्यवहारात शोधतात. चालण्या-पळण्याने नाडीचा वेग थोडा वेळ वाढतो आणि मग विसावतो. मजुरीत नाडी आणि रक्तदाब तासन् तास चढलेले राहतात, वजन उचलताना श्वास रोखला जातो, आणि दुसऱ्या दिवसाआधी शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. हा निष्कर्ष वादातीत नाही. नॉर्वेतल्या चार लाखांवर लोकांच्या अभ्यासात श्रमाची कामं करणारे पुरुष बैठं काम करणाऱ्यांपेक्षा काहीसे जास्तच जगलेले दिसले. गरिबी, तंबाखू, शिक्षण यांचा परिणाम आकडेमोडीत पूर्ण वेगळा काढता येत नाही, हा आक्षेपही वजनदार आहे. माझ्या मते या वादातून निघणारी कामाची गोष्ट अशी: श्रमाचा शरीरावरचा परिणाम अटींवर ठरतो. ओझं किती, सलग किती वेळ, उन्हात की सावलीत, विसावा आहे की नाही, पोटात काय आहे. आणि या अटी मजूर ठरवत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी शेतात असलेल्या माणसाला सकाळी प्राणायाम करण्याचा सल्ला देणं क्रूर आहे. त्याला हवी आहे दुपारची सुट्टी, बांधावर प्यायचं पाणी आणि मजुरी कापली न जाता मिळणारा विसावा.

इच्छाशक्तीवाल्यांची बाजूही कमकुवत नाही, आणि तिचा सर्वांत मोठा आधार आपल्याच देशातून आलेला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास करून 2006 साली दाखवलं, की खाण्यात आणि चालण्यात बदल केल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण 28 टक्क्यांनी घटलं, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीने 26 टक्क्यांनी. दोन्ही एकत्र देऊन जास्तीचा फायदा झाला नाही. चीनच्या दाछिंग शहरात 1986 साली सुरू झालेल्या प्रयोगात सहा वर्षं जीवनशैली बदलायला मदत केली, आणि तीस वर्षांनी पाहिलं तरी त्या गटात हृदयविकार आणि मृत्यू कमी होते. मग व्यक्तीला सांगून फरक पडतो, हे सिद्ध नाही का झालं? सिद्ध झालं ते वेगळं आहे. या प्रयोगांत लोकांना एकदा भाषण देऊन घरी पाठवलं नव्हतं. महिनोन् महिने फोन, भेटी, गटांच्या बैठका, तपासण्या चालू होत्या. कोणीतरी त्यांची विचारपूस करत होतं. दाछिंगमध्ये तर अख्खे दवाखानेच वेगवेगळ्या पद्धतींसाठी वाटून दिले होते. असा आधार मिळाला की माणूस बदलतो. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत "चाला, गोड कमी करा" असं कागदावर लिहून देतात आणि तीन महिन्यांनी साखर वाढली की रुग्णालाच रागावतात. यश आधाराचं होतं आणि अपयश मात्र रुग्णाच्या नावावर लिहिलं जातं.

याला आपल्याच इतिहासातला एक धडा आहे, आणि तो फार लवकर विसरला गेला. नारू आठवतो का? पायातून हातभर पांढरा किडा बाहेर पडायचा, माणूस महिनाभर खाटेवरून उठत नसे. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की अळ्या पाण्यात सुटायच्या, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू व्हायचा. त्या लोकांना 'स्वच्छता पाळायची इच्छाशक्ती नाही' असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. देशाने 1983-84 च्या सुमारास मोहीम काढली ती निराळ्या वाटेने: पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बांधून काढून तिथे रहाट बसवले, हातपंप दिले, पाण्यात औषध टाकलं, आणि त्याच वेळी दाट फडक्यातून पाणी गाळायला घरोघर शिकवलं. सवय शिकवली, पण सवय जमेल अशी सोय आधी किंवा सोबत केली. 1996 साली शेवटचा रुग्ण सापडला, 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. मधुमेहाला अळी नाही, हे मला कळतं. पण लोकांच्या वागण्यावर आजार अवलंबून असतो तेव्हा राज्यसंस्थेने काय करायचं असतं, याचा नमुना यापेक्षा चांगला कुठे मिळेल?

आणि मागणी फार मोठीही नाही. दहा हजार पावलांचा जो धाक घातला जातो, तो आकडा संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र 'मानपोकेई' या नावाने बाजारात आलं, आणि त्या नावातच दहा हजार पावलं होती. पुढे आय-मिन ली यांनी सरासरी 72 वयाच्या सुमारे 17 हजार अमेरिकन स्त्रियांची पावलं मोजली. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यू 41 टक्क्यांनी कमी होते, आणि 7,500 च्या आसपास फायदा वाढायचा थांबत होता. 2025 सालच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातही सात हजारांच्या आसपास बहुतेक फायदा पदरात पडतो असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची आहे, त्यात भरभर चालणं धरलं जातं. जेवणानंतरची शतपावलीसुद्धा रक्तातली साखर फार चढू देत नाही. वजन फारसं उतरत नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: वजनाचा हिशेब मुख्यतः ताटात होतो, चालण्याचा फायदा काटा हलला नाही तरी मिळतो.

इतकं थोडं करायचं असताना 2022 साली निम्मे भारतीय प्रौढ पुरेसे हलत नव्हते, पुरुषांमध्ये 42 टक्के आणि स्त्रियांमध्ये 57. स्त्रिया जास्त आळशी आहेत असं कोणी म्हणेल का? सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाचे 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाचे 88. उरलेल्या वेळेत ती बाहेर पडते तेव्हा काय होतं, ते तालुक्याच्या कुठल्याही गावात पहाटे साडेपाचला पाहता येतं. साड्यांवर स्वेटर चढवलेल्या चार-पाच बायका हायवेच्या साईडपट्टीवरून एका ओळीत चालत असतात, कारण दुसरा सपाट रस्ता गावाला नाही. दिवे नाहीत. पट्टीची खडी सुटलेली, डंपर आला की सगळ्या काट्यांच्या बाजूला सरकतात. एकटीने जायला घरचे सोडत नाहीत, म्हणून सोबत मिळाली नाही की त्या दिवशी चालणं बुडतं. जळगावात मेहरूण तलावाकाठी माणसं गर्दी करून चालतात ती काय इतर तालुक्यांतल्या लोकांपेक्षा जास्त निग्रही आहेत? त्यांना पाण्याकाठची, गाड्यांपासून बाजूची जागा मिळाली, एवढाच फरक आहे.

गावांना काहीच दिलं नाही असंही नाही. ग्रीन जिम दिली. ती बहुतेक ठिकाणी भर उन्हात, एका कोपऱ्यात उभी असते. लोखंड दुपारी हात लावता येणार नाही इतकं तापतं, सहा महिन्यांत पायडल निखळतं, आणि दुरुस्तीची तरतूद कोणाच्याच कागदावर नसते. पण नामफलक शाबूत असतो. शेजारीच शाळेचं प्रशस्त मैदान असतं, त्याला संध्याकाळी कुलूप असतं, आणि दिवसा पीटीचा तास गणिताला दिलेला असतो. रस्ता रुंद करताना दुतर्फाचे कडुनिंब आणि चिंचा गेल्या, त्यांच्या जागी दुभाजकात कण्हेर लावली. सावली गेली की खानदेशात मार्च ते जून पायी चालणं संपतं, मग दोनशे पावलांवरच्या दुकानालाही मोटारसायकल काढली जाते. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे हे जास्त नीट कळत होतं असं मला वाटतं. गावोगावच्या तालमी आणि व्यायामशाळा लोकांनी वर्गणी काढून उभ्या केल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालत आलं आहे. शरीर कमावणं ही गावाची सामायिक जबाबदारी आहे, अशी त्यामागे समज होती. त्या काळच्या पुष्कळ तालमींत बायकांना आणि अनेक जातींना जागा नव्हती, हे विसरून त्यांचे गोडवे गायचे नाहीत. पण सामायिकपणाची ती समज उचलून सगळ्यांसाठी वापरायला काय हरकत आहे?

नंदुरबारकडे पाहिलं की एकसारख्या सल्ल्याचा फोलपणा आणखी स्पष्ट होतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, तिकडचं 3.5 किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पण चरबी जवळपास तितकीच. पोटात असताना उपाशी राहिलेलं मूल मोठेपणी किडकिडीत दिसूनही मधुमेहाच्या वाटेला लागू शकतं. सातपुड्याच्या पाड्यावरच्या कुपोषित आईच्या मुलाला चाळिशीत मधुमेह झाला, तर त्याची जीवनशैली नेमकी कधी बिघडली म्हणायची? त्याच पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथे उन्हातले अतिश्रम आणि पाण्याची कमतरता जिवावर बेतू शकते. तिथला प्रतिबंध गरोदर बाईच्या ताटापासून सुरू होतो.

उरतो पैशांचा आक्षेप, आणि तो मनापासून घेतला जातो. पाण्याला पैसे नाहीत, चालायला रस्ते कुठून आणायचे? नवे रस्ते लागतीलच असं नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी सकाळी मोठे रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्या-सायकलवाल्यांना खुले करतात. आज ते शंभर किलोमीटरहून जास्त आहेत, आणि त्यासाठी रस्ते नव्याने बांधलेले नाहीत. धुळ्याला पांझरेकाठचा एखादा रस्ता रविवारी दोन-तीन तास असा ठेवायला कोणती निविदा काढावी लागते? शाळेच्या मैदानाची किल्ली संध्याकाळी बचतगटाकडे द्यायला किती खर्च येतो? खर्च येतो तो साईडपट्टी पक्की करण्याचा, दिव्यांचा आणि झाडं जगवण्याचा, आणि तो एका रुग्णाच्या आठवड्यातून दोन-तीनदा, आयुष्यभर होणाऱ्या डायलिसिसशेजारी मांडून पाहावा. दरवर्षी ग्रामसभेत गावाचा विकास आराखडा ठरतो. त्यात सभामंडप येतो, कमान येते, स्मशानभूमीचं शेड येतं. यंदा गावापासून फाट्यापर्यंतच्या वाटेची पक्की पट्टी, तिच्यावरचे दिवे आणि दोन्ही बाजूंचे कडुनिंब त्यात लिहून घ्यावेत, आणि ते मागायला पहाटे साईडपट्टीवर चालणाऱ्या बायकांनीच पुढच्या रांगेत बसावं. आशाताईंकडे त्यांचे सीबॅक फॉर्म भरलेले आहेतच. 150 मिनिटांच्या प्रश्नाला गावात किती जणांचं उत्तर 'नाही' आलं, तो आकडा त्या दिवशी सरपंचांच्या टेबलावर ठेवता येईल.